‘देव माझा खडक’: काव्य म्हटलं की वचन हलकं होतं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही मराठी घेऊन एम.ए. करताय, रविवारी मंडळीत (चर्चमध्ये) जाता, शुक्रवारी तरुणांच्या बायबल अभ्यासाला बसता. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं अठरावं स्तोत्र चाललं होतं: देव खडक, देव गड, देवाच्या नाकपुड्यांतून धूर. तुम्ही म्हणालात, ‘हे काव्य आहे.’ त्यावर अभ्यास घेणारे दादा म्हणाले, पवित्र शास्त्राला काव्य म्हटलं की त्याचं वजन जातं. आज नाकपुड्या काव्य, उद्या येशूचं पुनरुत्थान काव्य. इकडे विभागातल्या सरांनी उलटंच सांगितलं: स्तोत्रं कविता म्हणून वाच, त्यात सिद्धान्त शोधायला जाऊ नकोस. आणि तुम्ही विचारताय, कुणाचं धरू?

गंमत अशी, की या दोघांचं भांडण दिसतं तेवढं नाही. काव्य म्हणजे सजावट, खरं बोलणं म्हणजे गद्य, हे दोघांनीही न बोलता मान्य केलंय. दादा त्यामुळे काव्य नाकारतात, सर सिद्धान्त नाकारतात. माझं भांडण त्या गृहीतकाशी आहे. मी सत्तावीस वर्षं मराठीतून जुना करार शिकवतोय, त्याआधी सहा वर्षं पाळक (पास्टर) होतो, आणि मधल्या काळात भाषांतर तपासणाऱ्या गटांमध्ये बसून एकेका शब्दावर दुपारच्या दुपारी घालवल्या आहेत. त्या अनुभवातून सांगतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधी कबूल करतो. तुमची मंडळी कुठल्या परंपरेची आहे यावर बरंच ठरतं. रोमन कॅथलिक परंपरेत एका वचनाचे अनेक अर्थस्तर मानायची जुनी सवय आहे. आपल्याकडच्या बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्यांत ‘लिहिलंय तसं’ हा शब्दप्रयोग जिव्हाळ्याचा आहे. कुठलं पुस्तक उघडलंय यावरही ठरतं. अठरावं स्तोत्र हे गीत आहे यात वादच नाही; तेच गीत थोड्या फरकाने २ शमुवेल २२ मध्ये दाविदाच्या तोंडी आलंय. योना किंवा उत्पत्तीचा पहिला अध्याय घेतला, तर तिथे प्रामाणिक अभ्यासकांतही मतभेद आहेत. दादांची पुनरुत्थानाची भीती मात्र या वाटेने खरी होत नाही. १ करिंथ १५ मध्ये प्रेषित पौल साक्षीदारांची यादी देतो, पाचशेहून अधिक बंधूंना एकाच वेळी दर्शन झालं असं म्हणतो, त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत असंही सांगतो. ही साक्षीची भाषा आहे. माणूस न्यायालयात एका सुरात बोलतो आणि आईच्या उशाशी बसून दुसऱ्या. एक ओळ गीत आहे म्हटल्याने शेजारची साक्ष गीत होत नाही.

आता मुद्द्यावर येतो. तुम्ही मराठीच्या विद्यार्थिनी आहात, म्हणून ‘गंगायां घोषः’ हे गुळगुळीत झालेलं उदाहरण तुम्हाला पाठ असणार: गंगेवर गवळ्यांची वस्ती. प्रवाहावर झोपड्या तरंगत नाहीत, म्हणून मुख्यार्थ अडतो आणि लक्षणेने, म्हणजे त्याला लागून असलेल्या अर्थाने, ‘काठावर’ असं घ्यावं लागतं. पण मग सरळ ‘काठावर’ का म्हटलं नाही? कारण ‘गंगेवर’ म्हटल्याने त्या वस्तीचा गारवा आणि पावित्र्य जे पोचतं, ते ‘काठावर’ म्हटल्याने पोचत नाही. ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस तेराव्या शतकात दुसऱ्या टोकाकडून जवळपास इथेच आला. शास्त्रात ‘देवाचा हात’ म्हटलंय तिथे देवाला अवयव आहे हा त्या वाक्याचा शब्दशः अर्थच नव्हे, असं तो म्हणतो. हाताने जे सुचवलंय, म्हणजे करण्याचं सामर्थ्य, तोच शब्दशः अर्थ. म्हणजे रूपक शब्दशः अर्थाच्या पोटातच आलं. दादांना हे जरूर सांगा, कारण अक्वायनस काही वचन पातळ करणारा माणूस नव्हता.

त्याचा पुढचा मुद्दा मला जास्त आवडतो. देवासाठी उदात्त प्रतिमांपेक्षा ओबडधोबड प्रतिमा बऱ्या, असं तो म्हणतो. देवाला ‘प्रकाश’ म्हटलं तर तो खरंच प्रकाशच असेल असं कुणाला वाटू शकतं. ‘खडक’ म्हटलं तर तशी फसगत होत नाही. तुमच्या अठराव्या स्तोत्रातल्या नाकपुड्या म्हणूनच कामाच्या आहेत. त्या इतक्या उघड आहेत की मूर्ती व्हायला तयारच नाहीत.

अक्वायनसच्या नऊशे वर्षं आधी, सिरियाक भाषेत लिहिणारा संत एफ्रेम (मृत्यू ३७३, एडेसा) हेच एका पोपटाच्या गोष्टीने सांगून गेला. पोपटाला बोलायला शिकवणारा माणूस आरशामागे लपतो आणि तिथून बोलतो. पोपट आवाजाच्या दिशेने वळतो, आरशात त्याला आपल्यासारखाच पोपट दिसतो, आणि आपल्यातलाच कुणी बोलतोय असं समजून तो बोलायला शिकतो. एफ्रेम म्हणतो, देवाने तसंच केलं: माणसाला भाषा शिकवायची म्हणून माणसाची रूपकं वस्त्रासारखी अंगावर घेतली. हे त्याने प्रबंधात लिहिलं नाही. त्याने गायची गीतं रचली आणि ती स्त्रियांच्या गायकवृंदाकडून मंडळीत गाऊन घेतली. ही गीतं म्हणजेच एफ्रेमचं ईश्वरविज्ञान, देवाविषयीचा विचार; त्या विचाराची सजावट नव्हे.

‘पण सिद्धान्तासाठी शेवटी गद्यच लागतं ना?’ असं तुम्ही म्हणाल. लागतं. कुठे लागतं, याचं एक उदाहरण मी दरवर्षी वर्गात घेतो. नीतिसूत्रे ८ मध्ये ज्ञान एखाद्या स्त्रीसारखं बोलतं. बाविसाव्या वचनात ती म्हणते, परमेश्वराने आरंभी मला... आणि इथे हिब्रूत ‘काना’ हे क्रियापद आहे. मिळवणं, जन्म देणं, निर्माण करणं, तिन्हीकडे झुकणारं. काईन जन्मला तेव्हा हव्वा हेच क्रियापद वापरते. ग्रीक भाषांतरात ते ‘निर्माण केलं’ असं पक्कं झालं. चौथ्या शतकात एरियस नावाच्या धर्मगुरूच्या पक्षाने ही ओळ उचलली: ज्ञान म्हणजे पुत्र, आणि पुत्र निर्माण केलेला, म्हणजे कितीही थोर असला तरी सृष्टीतलाच एक. त्याचा विरोधक बिशप अथनेशियस याने उत्तरात बाकी बरंच सांगितलं, पण त्यातलं एक वाक्य वाचनाबद्दल आहे: हे नीतिसूत्र आहे, नीतिसूत्रात अर्थ उघड्यावर ठेवलेला नसतो, तो शोधावा लागतो. थोडक्यात, कवितेची ओळ कायद्याच्या कलमासारखी वाचू नका. एरियसही काही रुक्ष माणूस नव्हता बरं का. त्याने आपलं मत ‘थालिया’ नावाच्या रचनेत पद्यात मांडलं होतं.

म्हणजे कविता चुकीची वाचली गेली, म्हणून कुंपण घालायला गद्य आलं. ३२५ साली नायसियाच्या धर्मपरिषदेत मतांगिकार (विश्वासाचं अधिकृत विधान) ठरला, त्यात पुत्र पित्याशी ‘एकतत्त्वाचा’ हा शास्त्रात नसलेला, तत्त्वज्ञानातला शब्द मुद्दाम घातला. पण त्याच मतांगिकारात दोन ओळी वर काय आहे? ‘प्रकाशापासून प्रकाश.’ इतक्या काटेकोर मसुद्यालाही रूपकाशिवाय भागलं नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने हे ऐकून विचारलं होतं, की मग कुंपण कुठलं आणि मळा कुठला? मला तो प्रश्न उत्तरापेक्षा बरा वाटला.

उलट्या बाजूनेही एक उदाहरण आहे. ख्रिस्ताने देवाच्या स्वरूपाचा असूनही स्वतःला रिक्त केलं, या एका क्रियापदावर नंतरच्या शतकांत ग्रंथांचे ढीग झाले. ते क्रियापद येतं फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, सहा ते अकरा या वचनांत, आणि तिथली ताल धरणारी रचना पाहून अनेक अभ्यासकांचं मत आहे की हे आरंभीच्या मंडळीतलं गीत असावं. पौल तिथे भांडखोर मंडळीला नम्र व्हा म्हणून समजावतोय, आणि समजावताना युक्तिवाद थांबवून तो हे गीत मध्ये आणतो. आधी गायलं गेलं, सिद्धान्त मागाहून आला. त्याला इलाज नव्हता. जे घडलं होतं त्याला तेव्हा दुसरी भाषाच तयार नव्हती.

आता आपल्या घरचं उदाहरण, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ मध्ये वारला. त्याच्या नावावर दोन पुस्तकं ठळक आहेत. एक ‘दौत्रिना क्रिस्तां’, कोंकणीतली प्रश्नोत्तरं, ती त्याच्या मागे १६२२ साली गोव्यातल्या रायतूरला छापली गेली. दुसरं ‘क्रिस्तपुराण’, १६१६ साली तिथेच छापलेलं, जवळपास अकरा हजार ओव्यांचं, पहिलं पुराण आणि दुसरं पुराण अशा दोन भागांत. माणूस तोच, धर्म तोच, सांगायची शिकवण तीच. मग दोन पुस्तकं का? क्रिस्तपुराणाच्या आरंभीच त्याचं उत्तर एका प्रसंगात येतं. गोव्याच्या साष्टी भागातल्या नव्या ख्रिस्ती श्रोत्यांपैकी एक जण पाद्रीला विचारतो, की शिकवण आम्हाला दिलीत ते ठीक, पण आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्या जागी वाचायला-ऐकायला काही पुराण असतं तर बरं झालं असतं. प्रश्नोत्तरांनी डोक्यात उत्तर बसतं. संध्याकाळी चार माणसं जमली की ऐकायचं काय, हा प्रश्न तसाच उरतो. आणि बंदी कुणी घातली होती, हे विसरून ही गोष्ट गोड करून सांगू नये, असंही मला वाटतं.

क्रिस्तपुराणातली ही ओवी तुम्हाला शाळेपासून ठाऊक असेल:

जैसी हरळांमाजी रत्नकिळा । कीं रत्नांमाजी हिरा निळा ।
तैसी भाषांमाजी चोखळा । भाषा मराठी ॥

मराठीचा गौरव म्हणून आपण ती भिंतीवर लावतो. मी ती विद्यार्थ्यांना वेगळ्या कारणासाठी मोठ्याने म्हणायला लावतो. पहिले तीन चरण यमकाने एकमेकांना धरून चढतात आणि चौथा आखूड होऊन खाली बसतो. ज्ञानेश्वरी ऐकलेल्या कानाला हे बसणं ओळखीचं आहे. त्या जागी श्रोता मान डोलावतो. स्टीफन्सने वृत्त घेतलं म्हणजे ही मान डोलावण्याची जागा घेतली. आणि वृत्ताबरोबर शब्दही आले: स्वर्गासाठी त्याने ‘वैकुंठ’ घेतलं. आता सांगा, ‘वैकुंठ’ लिहिणं हा काव्याचा निर्णय की ईश्वरविज्ञानाचा? मला तरी ते दोन वेगळे करता आलेले नाहीत. (एक योगायोग: १६१६ मध्येच रोममध्ये कोपर्निकसच्या ग्रंथावर बंदी आली, आणि त्या वादात उद्धृत होणाऱ्या वचनांपैकी एक यहोशवाच्या दहाव्या अध्यायातली ‘सूर्या, स्थिर हो’ ही ओळ होती. ती ओळ ‘याशाराच्या ग्रंथा’तून घेतल्याचं शास्त्र स्वतःच तिथे सांगतं, आणि ती आहे गीताची.)

तीनशे वर्षांनी हाच प्रश्न आपल्या दोन मोठ्या माणसांनी दोन दिशांनी सोडवला. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असं म्हणत. त्यांनी अभंग लिहिले, ख्रिस्ताला माउली म्हटलं, ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लिहायला घेतलं ते अर्धवट राहिलं आणि लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, आणि त्यात संस्कृत वळणाचे, जुन्या धर्मकल्पनांचा वास असलेले शब्द शक्य तिथे टाळले. त्यांच्यासमोर त्यांच्या मुक्तिसदन या आश्रमातल्या साध्या, बऱ्याचशा निरक्षर बायका होत्या. शिवाय संस्कृत शब्दांबरोबर काय काय आत येतं हे रमाबाईंइतकं कुणाला ठाऊक असणार? पुराणं सांगतच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या.

कोण बरोबर? तरुणपणी मी पक्का टिळकवाला होतो. ‘माउली’ या शब्दाने यशया ६६:१३ मधलं आईसारखं सांत्वन करणारं वचन मला जसं उघडून दाखवलं, तसं कुठल्या भाष्याने दाखवलं नाही. आता वय झाल्यावर रमाबाईंची धास्तीही कळते. शब्द रिकाम्या हातांनी येत नाही. ‘मोक्ष’ म्हटलं की जन्ममरणाचा फेरा सोबत येतो, तुम्ही बोलावलेला असो वा नसो. भाषांतराच्या गटात आम्ही एकदा योहान ३:८ वर दिवसभर अडलो. तिथे ग्रीकमध्ये वारा आणि आत्मा यांना एकच शब्द आहे, येशू त्या शब्दाशी खेळतो, हिब्रूतही तसंच. मराठीत दोन शब्द करावे लागतात आणि खेळ मोडतो. एक म्हातारे पाळक हळूच म्हणाले, ‘मराठीत आहे की. वारं. अंगात वारं येतं म्हणतात.’ सगळे हसले, मग गप्प झाले. शब्द तंतोतंत बसत होता, आणि नेमका त्याचसाठी घेता येत नव्हता. त्यात देवीचं वारं होतं, घुमणं होतं. आम्ही ‘वारा’ आणि ‘आत्मा’ असंच ठेवलं. निर्णय योग्य होता असं मी आजही म्हणेन. पण ती ओळ त्या दिवशी क्षणभर जशी जिवंत झाली होती, तशी छापील पानावर नाही.

एवढं झाल्यावर तुमच्या सरांकडे वळतो. स्तोत्रांत सिद्धान्त शोधू नका, हे मला का पटत नाही ते माझ्याच एका चुकीवरून सांगतो. पाळक असताना एका अंत्यविधीला मी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं. एकोणीस वर्षांचा मुलगा विहिरीत बुडाला होता. हे स्तोत्र इतर विलापांसारखं शेवटी वळत नाही. आशेची ओळ येत नाही, आणि हिब्रूत त्याचा अगदी शेवटचा शब्द ‘अंधार’ आहे. मी तिथवर आलो, पुस्तकातून वर पाहिलं, ती माउली समोर बसली होती, आणि मला ते सहन झालं नाही. मी घाईने पुनरुत्थानावर चार वाक्यं जोडली. सगळी खरी, सगळी शास्त्राला धरून. महिन्याभराने ती भेटली तेव्हा म्हणाली, ‘पाळकसाहेब, तुम्ही वाचत होतात तोवर वाटलं, देवाला कळतंय. मग तुम्ही बोलायला लागलात.’

त्या स्तोत्रात सिद्धान्त आहे, पण तो विधानात नाही. तो हाकेत आहे. आरंभी तो माणूस म्हणतो, हे परमेश्वरा, माझ्या उद्धारक देवा; आणि मग शेवटपर्यंत, अगदी आरोप करतानाही, तो ‘तू’ सोडत नाही. तू मला खालच्या खड्ड्यात टाकलंस, तू माझे मित्र तोडलेस. जिवलगाशीच असं भांडता येतं. आपल्या संतांनी विठ्ठलाशी असं भांडण किती घातलंय हे तुम्हाला मी सांगायला नको. ‘देव दुःखातही ऐकतो’ हे वाक्य वर्गात मी फळ्यावर लिहू शकतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र ते लिहीत नाही, ते त्याच्यावर विसंबून ओरडतं.

तेविसाव्यातही हेच घडतं आणि पाठ असल्यामुळे आपल्या लक्षात येत नाही. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ इथे देव तृतीयपुरुषी आहे: तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला नेतो. मग मृत्युच्छायेची दरी येते आणि त्याच वाक्यात सर्वनाम पालटतं: ‘कारण तू माझ्याबरोबर आहेस.’ कुरणात देवाविषयी बोलणारा माणूस दरीत देवाशी बोलायला लागतो. सिद्धान्ताचं पुस्तक स्वभावानेच ‘तो’ची भाषा बोलतं, आणि ती लागते; एरियसच्या वेळी तिच्यावाचून चाललं नसतं. पण तिला हे वळण घेता येत नाही.

तर सरांना सांगा, की कविता नुसती कविता म्हणून वाचली तर हे सर्वनाम तुम्हाला शैलीविशेष म्हणून दिसेल, आणि तो माणूस खरंच कुणाशी तरी बोलतोय ही शक्यता तपासायची राहून जाईल. दादांशी मात्र वाद घालू नका. त्यांची भीती खोटी नाही, जागा चुकली आहे. त्यांना विचारा, पुढच्या शुक्रवारी अठरावं स्तोत्र आपण आधी पेटीवर चाल लावून म्हणू या का, चर्चा मग. चाल अभंगाची घ्या. म्हणताना नाकपुड्यांच्या ओळीला कोण हसतं, कोण डोळे मिटतं ते पाहा. आणि दादांनाच पहिली ओळ म्हणायला लावा, कारण त्या स्तोत्राची पहिली ओळ ‘खडक’ ही नाही. ती आहे: हे परमेश्वरा, माझ्या सामर्थ्या, मी तुझ्यावर प्रीती करतो.